हाडांच्या पाहणीतला एक फॉर्म
एकाहत्तर-बाहत्तर साली मी शेवगावच्या बाजूला बायकांची हाडं तपासत हिंडायचो. उन्हात किती वेळ असता, दूध किती पिता, बसल्यावर भिंत न धरता उठता येतं का, असे प्रश्न असत. नगरच्या घरी, मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून माझी बायको ते फॉर्म सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची.

एकदा त्यात एक बिननावाचा फॉर्म निघाला. ऊन नाही, दूध चहापुरतं, भिंतीशिवाय उठता येत नाही. मी शहाणा, खूश झालो. अशीच केस हवी होती.

“कुठल्या गावची ही?”

“मीच ती,” बायको म्हणाली.

पाहणी खेड्यांची आहे, फॉर्म वाया घालवू नकोस, असं खेकसून मी तो फाडला. कपटे वेचून ती भिंत धरून उठली. मी तोवर पुढचा फॉर्म वाचायला घेतला होता.