सुती दोरी

आमच्या डेपोत माझ्या जावयाला सगळे 'तेरावा' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चिकटलं ते चिकटलं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भालाफेकीची आधी पात्रता फेरी होते आणि तिच्यातले बारा जण अंतिम फेरीत जातात. हा पठ्ठ्या दोनदा तिथवर पोचला आणि दोन्ही वेळा तेरावा आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसला प्रकार. टायर विभागातली पोरं त्याला तोंडावर तेरावा म्हणायची आणि हा त्यांच्याबरोबर हसायचा. राग मला यायचा. माझ्या जावयाची टिंगल करायची तर ती मी करीन, तुम्ही कोण?

तो माझ्या हाताखाली आला तेव्हा मी वर्कशॉपचा मिस्त्री होतो. खेळाडू म्हणून नोकरीला लागलेला, म्हणजे कामाच्या नावानं शंख असणार, असं मी आधीच धरून चाललो होतो. पहिल्याच दिवशी त्यानं बसचा अख्खा टायर एकट्यानं उचलला आणि खांद्याच्या एका झटक्यात वरच्या मांडणीवर टाकला. मांडणी हलली, वरचे डबे खाली आले, ग्रीस सांडलं. मी म्हणालो, "सर्कस आहे का ही?" तो म्हणाला, "चुकलं, मिस्त्री. घाई झाली." पुढं अनेक वर्षं मी त्याच्या तोंडून हे एकच वाक्य ऐकलं. नट आवळताना घाई, जेवताना घाई, भाला फेकताना तर घाईच घाई. माझ्या पोरीच्या प्रेमात पडायलाही त्याला फार दिवस लागले नाहीत.

लग्न झालं आणि माझी पंचाईत झाली. काल ज्याला "ए, जॅक आण" म्हणत होतो त्याला आज "अहो, जेवलात का?" म्हणायचं. मी डेपोच्या फाटकाच्या आत 'तू' आणि बाहेर 'तुम्ही' असा तोडगा काढला. तो मात्र फाटकाच्या आतही मला मामाच म्हणायचा, त्यामुळे त्याला नीट झापताही येईना.

त्याचे उपकार सांगायचे तर माझ्या मुलाबद्दल सांगावं लागेल. त्याची आई तो लहान असतानाच गेली. मुलीनंच त्याला वाढवलं. तीही तशी पोरच होती, पण त्याला भरवलं, धोपटलं, शाळेत पोचवलं. मी पाळ्या करत होतो. मोठा होता होता पोरगा हाताबाहेर जायला लागला तेव्हा या जावयानं त्याला डेपोमागच्या मोकळ्या जागेत नेलं, हातात भाला दिला आणि म्हणाला, "जेवढा राग आहे तेवढा लांब फेक." पोरानं फेकला. तेव्हापासून संध्याकाळी दोघं तिथंच असायचे. मी खिडकीतून बघायचो. एक भाला आणायला पळायचा, दुसरा ओरडायचा.

जावई त्याला भाल्याबरोबर शहाणपणही शिकवायचा. त्यातलं एक तर तो रोज घोकून घ्यायचा. "मैदानात दुसऱ्या फेकणाऱ्याचं कधी ऐकायचं नाही. तो गोड बोलेल, तुझी धाव चुकतेय म्हणेल, पाठ थोपटेल. तो तुझ्या भल्याचं सांगत नसतो."

आता दोरीचं सांगतो. भाला फेकणारा धावत येतो आणि पुढं एक रेष असते. ती ओलांडली की फाऊल, मग भाला कितीही लांब जाऊ दे. म्हणून कुठून धावायला सुरुवात करायची ती जागा नेमकी मोजावी लागते. सगळे टेपनं मोजतात. आमचे जावई सुती दोरीनं मोजायचे. त्यानं स्वतःच्या पसरलेल्या हातांच्या वावेनं दोरी मोजली होती आणि दर वावेला लाल दोरा बांधला होता. नायलॉन ताणलं की वाढतं, म्हणायचा, सुती दोरी बिचारी सरळ. मेहुण्यालाही त्यानं तशीच दुसरी करून दिली होती. दोन्ही दोऱ्या माती खाऊन काळ्याकुट्ट झाल्या होत्या, पण जिवापाड जपायचा. पाऊस आला की आधी दोरी पिशवीत, मग भाला, मग स्वतः.

त्या वर्षी ती मोठी स्पर्धा आमच्याच शहरात भरली आणि दोघांचीही निवड झाली. डेपोत पेढ्याबिढ्यांच्या गप्पा झाल्या, पण आमच्या घरात आनंदाला एक काळी कड होती. जावयाचं कोपर संपलं होतं. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं की ही शेवटची स्पर्धा, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर भाला भिंतीवर टांगायचा. रात्री झोपेत कूस बदलली तरी हा कण्हायचा, असं मुलगी सांगायची. त्याला पदकबिदक नको होतं. "मामा," तो मला एकदा म्हणाला, "एकदाच त्या बारांत उभं राहायचंय. मग शेवटचा आलो तरी चालेल. पोरांना नाव बदलावं लागेल."

आदल्या दिवशी जेवताना मुलगा चेष्टेनं म्हणाला, "भाऊजी, उद्या मैदानात नातं नाही हं." जावई म्हणाला, "मैदानात मी तुझा कुणीही नाही. मी काय शिकवलंय?" दोघं हसले, मीही हसलो. त्याच दुपारी मुलीनं दोघांच्या पिशव्या भरल्या होत्या. भरताना दोऱ्या बघून तिला लाज वाटली. सगळं जग टीव्हीवर बघणार आणि तिच्या घरातली दोरी अशी कळकट? तिनं दोन्ही कढत पाण्यात साबणानं खसाखसा धुतल्या, पंख्याखाली वाळवल्या आणि नीट वेटोळी करून ठेवल्या. आम्हाला दाखवल्याही. मी म्हणालो, "वा, नवरीसारख्या दिसतायत."

पहिल्या गटात जावई होता. प्रत्येकाला तीन संधी. पहिल्या फेकीत भाला असा गेला की मी उभा राहिलो. आणि लाल निशाण वर. पाय रेषेच्या पलीकडे. दुसऱ्यांदा तेच. कठड्यापाशी उभा असलेला संघाचा कोच डोकं धरून ओरडत होता, "घाई करतोयस! आवर!" मीही बसल्या जागी दात ओठ खात होतो. जन्माची खोड, आजही सुटत नाही याची! तिसऱ्या वेळी बिचाऱ्यानं भीतीनं धाव आवरती घेतली आणि रेषेच्या बरंच मागून, जवळजवळ उभ्यानंच फेकला. पांढरं निशाण. त्याच्या गटात तो पाचवा आला. दुसऱ्या गटातले सात जण पुढं गेले तरी तो बारावा राहणार होता. आठवा गेला की संपलं.

आता त्याच्या हातात काही नव्हतं. तो वर आमच्याजवळ येऊन बसला, माझ्या आणि मुलीच्या मधे. कोपराला बर्फाची पिशवी प्लॅस्टिकनं गुंडाळलेली, पाणी टपटप गुडघ्यावर. "घाई झाली, मामा," म्हणाला. दुसऱ्या गटातला एकेक जण धावत आला की त्याचा श्वास थांबायचा, भाला पडला की सुटायचा. तीन गेले पुढं. मग पाच. ज्यानं आयुष्यभर कुणाचं वाईट चिंतलं नाही तो माणूस तिथं बसून परक्या पोरांचा पाय घसरू दे म्हणून मनात हात जोडत होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्याच गटात आमचा मुलगा. त्याचीही पहिली फेक फाऊल. दुसरीही फाऊल. दोन्ही वेळा भाला लांब, आणि पाय पलीकडे. कोच पुन्हा घाईघाई म्हणून ओरडतोय. मला वाटलं, गुरू तसा चेला.

जावई पिशवीतली दोरी काढून नुसताच चाळा करत होता. वेटोळं सोडत होता, बांधत होता. मग सवयीनं त्यानं एक लाल दोरा एका हातात धरला, दुसरा दुसऱ्या हातात आणि हात पसरायला गेला. हात पसरेनात. दोरी ताणली गेली आणि हात मधेच अडकले. त्यानं पुढची वाव पाहिली. तीही तेवढीच. त्यानं दोरी नाकाशी नेली. साबणाचा वास येत होता.

"ही कढत पाण्यात धुतलीस?" त्यानं बायकोला विचारलं. अगदी हळू.

मुलीच्या तोंडावरचा रंगच उडाला. कधीच न धुतलेली सुती दोरी पहिल्यांदा कढत पाण्यात गेली की आटते, हे तिला नाही तर कुणाला माहीत? धाव रेषेच्या जवळून सुरू होत होती आणि म्हणून पाय पलीकडे जात होता. घाई नव्हतीच. ज्या माणसाला मी इतकी वर्षं घाईवरून टोचत आलो, तो त्या दिवशी एका पावलाचीही घाई करत नव्हता.

तोवर सात जण पुढं गेले होते. फलकावर सगळ्यांत खाली बारावं नाव जावयाचं. फेकायचे उरले होते दोघं, त्यातला पहिला आमचा मुलगा. तो आपल्या खुणेवर येऊन उभा राहिला. त्या आटलेल्या दोरीनं मोजलेल्या खुणेवर.

त्याला कळलं नाही तर तो फाऊल होणार, आणि जावई बाराव्या जागी टिकण्याची आशा राहणार. कळलं तर पोराचा भाला कुठं पडतो हे आम्ही दोनदा पाहिलं होतं. आम्हा तिघांच्याही मनात हे एकाच वेळी आलं असणार, कारण कुणीच कुणाकडे बघितलं नाही. मग जावई उठला. बर्फाची पिशवी गळून पडली. तीच आपली घाई, दोन-दोन पायऱ्या उतरत तो कठड्याशी पोचला आणि फुटक्या आवाजात ओरडला, "दोरी आटलीय! खूण मागे घे! दोन पावलं मागे सरक!"

मुलानं मान वळवली. ऐकलं त्यानं. त्यानं खुणेकडे पाहिलं. मग फलकाकडे पाहिलं, जिथं सगळ्यांत खाली भाऊजींचं नाव होतं. घड्याळाचे आकडे उतरत होते. आणि मग त्यानं मान वर करून प्रेक्षकांत मला शोधलं.

त्याला विचारायचं होतं, की हे खरं सांगतायत का.

मुलीनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. "बाबा, नको," ती म्हणाली. "ह्यांचं एवढंच राहिलंय. नको ना, बाबा." जिनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं ती हे म्हणत होती. मला तिचा राग आला नाही. तिच्या नवऱ्याचं आयुष्य, माझ्या पोराचं आयुष्य, आणि दोन्हींच्या मधे माझी ही म्हातारी मान. देवा, असली वेळ वैऱ्यावरही आणू नकोस.

मी मान हलवली. होकाराची. एकदा नाही, दोन-तीनदा, त्याला नीट दिसावं म्हणून.

पोरानं खूण उचलली, मागे सरकवली आणि धावला. पाय रेषेच्या अलीकडे टेकला. पांढरं निशाण. भाला जिथं पडला तिथंच आधीही दोनदा पडला होता. फलक बदलला आणि जावयाचं नाव एक ओळ खाली सरकलं. पोरं नाव बदलणार नव्हती.

तो अजून कठड्याशीच होता. पण तो मैदानाकडे बघत नव्हता, फलकाकडेही नाही. तो वळून माझ्याकडे बघत होता. माझी मान हललेली त्यानं पाहिली होती. ती का हलवावी लागली, हेही त्याला कळलं होतं.

बऱ्याच वेळानं मुलगा वर आला. तोवर जावईही जागेवर परतला होता. रडत होता, हसत होता, घामानं निथळत होता. जावयाच्या गळ्यात पडला. "भाऊजी, तुम्ही नसतात तर..." जावयानं त्याची पाठ थोपटली, दुखऱ्या हातानं. मग त्याला थोडा दूर केला आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं. मग मामांकडे का बघितलंस?"

मुलगा खाली बघत पुटपुटला, "तुम्हीच शिकवलंत ना. दुसऱ्या फेकणाऱ्याचं ऐकायचं नाही म्हणून."

"हो," जावई म्हणाला. "शिकवलं खरं." तो वाकला, पायाशी पडलेली दोरी उचलली आणि कोपरावर वेटोळं घालायला लागला. कोपर दुखत होतं तरी त्याच कोपरावर. "पण मी दुसरा होतो का रे?"

मुलगी तोंड फिरवून रडत होती. दोरीचं टोक त्याच्या हाताला सापडेना, म्हणून मी ते धरलं. "चल," मी म्हणालो, "घरी चल, बाळ." डेपोच्या फाटकाबाहेर मी त्याला तू म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.