तात्यांची सॅक, संभाचा कॅन

पावसाळी ट्रेकचे किस्से आमच्याकडं ओल्या बुटांसारखे साठतात. एक वाळतोय न वाळतोय तोवर दुसरा दारात हजर! मंगळवार पेठेतला आमचा सात जणांचा रविवारचा ग्रुप. त्यात शहाणा एकच, असं तात्या म्हणतात. नाव सांगत नाहीत.

*

तात्या म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, वय अडुसष्ट. सकाळी सहाला चौकात सगळ्यांच्या सॅक उघडून बघतात. टॉर्च, शिट्टी, रेनकोट, कोरडे कपडे. एक वस्तू कमी असली की, "जावा घरला!"

याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात भिजून त्यांना न्यूमोनिया झाला होता. काकूंनी बजावलंय, "औंदा एकदा जरी वलं होऊन दारात आलासा, तर डोंगर बंद. कायमचा!" आणि तात्या आठवडाभर जगतात ते रविवारच्या जोरावर.

*

प्रकाशचं कापडाचं दुकान आहे, पण विश्वास मोबाईलवर. तात्या एका रविवारी लग्नाला गेले होते. प्रकाश म्हणाला, "ॲप सांगतंय, पाऊस न्हाय. रेनकोट ठेवा घरात." पन्हाळ्याच्या अलीकडंच आम्ही चिंब!

दुसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, "आता काय म्हणतंय ॲप?"

"काय म्हणतंय? मोबाईल भिजलाय, बोलंना झालाय!"

*

मग ताडपत्री आणायचं काम प्रकाशलाच दिलं. आणली, भली मोठी. पण सर आली तेव्हा ताडपत्री पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यावर, आणि आम्ही बाहेर! रेनकोटातले तात्या भडकले.

प्रकाश शांतपणे म्हणाला, "माणूस वाळतंय ओ तात्या. रस्सा पातळ झाल्यावर काय करायचा?"

तात्यांनी वाटी पुढं केली.

*

संभाची दुधाची डेअरी. त्याच्याकडं सॅकच नाही. एकदा कपडे दुधाच्या कॅनमध्ये कोंबून, झाकण दाबून, कॅन दोरीनं पाठीला बांधून आला.

तात्या म्हणाले, "डोंगरावर चाललाईस का रतीब घालायला?"

"दूध बाहिर येत न्हाय, मग पाणी आत कसं जाईल?"

तात्यांनी त्याला सगळ्यात मागं चालायला लावलं. फोटोत कॅन यायला नको म्हणून!

*

त्याच दिवशी मसाई पठारावर सकाळी कडक ऊन होतं. दहाला धुकं आलं, मग वारा, मग आडवा पाऊस. आडोसा कुठंच नाही. तात्यांचा रेनकोट वाऱ्यानं बगलेपासून फाटला. सॅकमधल्या कपड्यांचाही ओला गोळा.

"तात्या, सॅकचं कव्हर?"

"हाय की. तळाला ठेवलंय. घडी मोडाय नको म्हणून."

हसायची वेळ नव्हती. तात्यांचे दात वाजत होते, ओठ काळेनिळे पडले होते. आम्ही खरंच घाबरलो. संभानं कॅन उघडला. लेंगा, शर्ट, स्वेटर, सगळं खडखडीत कोरडं. तात्यांचे कपडे बदलले, आणि ताडपत्री या वेळी रश्श्यावर नाही, तात्यांवर घातली.

घरी काकूंनी दारातच स्वेटर चाचपला, तात्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग वास घेतला.

"हे कुणाचं?"

"संभाचं," तात्या पुटपुटले.

"म्हशीचा वास मारतोय," म्हणून काकू आत गेल्या. तात्यांचा डोंगर संपला, असंच आम्हाला वाटलं. फार वाईट वाटलं.

शनिवारी संध्याकाळी काकू डेअरीवर हजर. हातात मोकळा कॅन.

संभा म्हणाला, "काकू, दूध संपलं की."

"दूध कुणाला पायजे? झाकण घट्ट बसतंय का, तेवढं बघून दे!"