भिंतीवरचं कुपन
चहाचं नवं पाकीट फोडलं की पहिला वास नाकात शिरतो आणि मी कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्यामागच्या त्या खोलीत जाऊन उभी राहते. शाळा अर्धवट सुटलेली, नुकतंच लग्न झालेलं, आणि साताऱ्याकडून एकदम इतक्या लांब. त्या दुपारी वडील पहिल्यांदाच भेटायला यायचे होते. घरात चहाची पूड नव्हती, पगार लांब होता, आणि लेकीकडे साधा चहाही नाही असं त्यांना वाटेल याची मला धास्ती होती. चहाच्या पाकिटांत निघणारी चार कुपनं दुकानात दिली की एक पाकीट फुकट मिळायचं, मुदत त्याच दिवशी संपत होती आणि माझ्याकडे तीनच कुपनं होती. चौथं होतं शेजारच्या बाईंकडे, पण त्यावरचं हरणाचं चित्र आवडलं म्हणून त्यांनी ते भाताच्या पेजेनं मातीच्या भिंतीला चिकटवलेलं! माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली वं पोरी? हरीण का तुह्या बापाहून मोठं हाय?" ओलं फडकं लावून त्यांनी ते हलक्या हातानं सोडवलं, तरी मातीचा पोपडा सोबत आलाच. मी तशीच धावत दुकानात गेले. दुकानदारानं ते उलटंपालटं करून पाहिलं. "बाई, कुपन आनलं का भितच उचलून आनली?" मग तो हसला आणि त्यानं पाकीट समोर ठेवलं! वडिलांनी दोनदा चहा मागून घेतला. भिंतीवरचा तो उघडा चौकोन बाईंनी कित्येक दिवस सारवलाच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवून त्या जे सांगायच्या, ते आठवलं की आजही मी एकटीच हसते आणि डोळे पुसते: "इथी इच्या बापाचा चहा होता."