बुर्गलमावशीचा करडा रंग

बुर्गलमावशी स्नानगृहात टब भरते. गंधकाचा वास तिच्या केसांतून कधी जात नाही. सरोवराकाठच्या आमच्या बाट वीसझे गावी लोक गंधकाच्या पाण्यासाठी दुखरे सांधे घेऊन येतात, तिच्या टबात बसतात आणि बोलू लागतात. साहित्याची पदवी घेऊन मी तिथेच टॉवेल वाटते. ती मला पंडितीणबाई म्हणते.

सुट्टीच्या दिवशी ती गिर्यारोहण मंडळासाठी डोंगरातल्या वाटांवर खुणा रंगवते. झाडांवर, दगडांवर, लाल ठिपके. त्यातली एक वाट तिच्या भावाच्या अंगणातून जाते.

कोर्बिनियान वर एकटाच राहतो. आई गेल्यावर गाई विकायच्या की ठेवायच्या, यावरून दोघांचं बिनसलं. ती सरोवराकाठी राहायला आली. बोलणं बंद झालं. त्याच उन्हाळ्यात तिने वाट वळवून त्याच्या दारावरून नेली. गिर्यारोहण मंडळाला सांगितलं, तिथून सरोवर छान दिसतं.

तेव्हापासून येणारेजाणारे त्याच्याकडे टेकतात. तो त्यांना एल्डरच्या फुलांचं सरबत देतो. मग तेच लोक खाली टबात बसून सांगतात. वरचा म्हातारा आज खोकत होता. वरच्या म्हाताऱ्याने कुंपण नवं केलं. ती नळ सोडते आणि ऐकते.

या वसंतात त्याच्या घरापलीकडे दरड कोसळली. ओढ्यावरचा पूल वाहून गेला. मंडळाने नवी वाट खालून काढली. जुन्या खुणा पुसायचं काम अर्थात तिच्याकडेच आलं. खुणा गेल्या की वर कुणी फिरकणार नाही. त्याला माणूस दिसणार नाही, तिला त्याची खबर मिळणार नाही.

जूनमध्ये गुरुवारी मिरवणुकीचा सण असतो. शुक्रवार जोडला की रविवारपर्यंत सुट्टी. मिरवणूक संपली तशी ती लाल ठिपके झाकायला करड्या रंगाचा डबा घेऊन निघाली. मीही गेले.

ती फार सावकाश चालत होती. एक ठिपका करडा करायची, पुढे जायची, मग वळून बघायची. उतरणाऱ्यांसाठी खोडाच्या दुसऱ्या बाजूला ठिपका असतो. तोही पुसायचा.

"डबा सरळ धर, पंडितीणबाई. गाई रंगवायच्या नाहीत आपल्याला."

"मावशी, एवढं हळू का?"

"रंग वाळायला नको?"

"वाळला की."

"तुझा वाळला असेल."

ढग खाली सरोवरावर बसले होते. घंटा ऐकू यायच्या, गाई दिसायच्या नाहीत. गवत कमरेपर्यंत आलेलं. आम्ही गवताच्या कोठारात झोपलो, जागे झालो, पुन्हा चाललो. शुक्रवार कधी सरला, कळलं नाही. मागे वळले की मला वाटायचं, आम्ही आलोच नव्हतो.

शनिवारी शेवटचा ठिपका आला. तो त्याच्या घराच्या भिंतीवर होता.

"सरबत घेणार का?" आतून आवाज आला. सगळ्यांना तो असंच विचारत असावा. मग तो सरबताचा जग घेऊन बाहेर आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"तू होय," तो म्हणाला.

"खुणा पुसायला आलेय."

"लोकं कुठून जाणार?"

"खालून."

त्याने जग बाकावर ठेवला. "एवढी ठेव. भिंत माझी आहे."

"ही बघून कुणी पुढे गेलं तर ओढ्यात पडेल, कोर्बिनियान."

तिने ब्रश बुडवला. मला वाटलं, आता तरी ती थांबेल. तिने ठिपका पुसला. कडेची लाल रेघसुद्धा ठेवली नाही. मी डबा हातात धरून नुसती उभी राहिले.

मग ती बाकावर बसली. स्वतःच पेला भरून घेतला.

"फार गोड करतोस म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळे. टबात बसले की बोलतात."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "तू टब फार गरम भरतेस म्हणे. आणि गेल्या हिवाळ्यात तुझं मनगट मोडलं होतं. उजवं."

मावशीने पेला खाली ठेवला. इतकी वर्षं ती फक्त खाली येणारा निरोप ऐकत होती. वर जाणाराही असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"बरं झालं आता," ती म्हणाली. तिने मनगट फिरवून दाखवलं. त्याने ते वाकून नीट पाहिलं.

"आता कोण सांगणार मला?" तो म्हणाला.

"विचार की मलाच."

तो खालच्या कुरणाकडे बघत राहिला. "उद्या सुट्टी आहे ना तुला?"

"आहे."

"गवत कापायचंय."

"विळा दे. तुझ्या धारेचा भरवसा नाही, मी लावून घेते."

"आल्या आल्या सुरू झालीस."

मी एकटीच उतरले. वाटेत चुकले, मग वळून पाहिलं. झाडांवरचे करडे ठिपके उन्हात चमकत होते, एकामागे एक, वरपर्यंत. वर कुणीतरी पात्याला धार लावत होतं.