काकाची राखण

माझा काका हसला की आमच्या तलावावरची बदकं उडून शेजारच्या गावच्या तलावात जाऊन उतरायची. त्यामुळे त्या गावचे शिकारी त्याला फार मानायचे. सणाला अगत्याने जेवायला बोलवायचे. फक्त पंगतीत कुणी विनोद करायचा नाही अशी सक्त ताकीद असायची, नाहीतर तीच बदकं परत आमच्याकडे आली असती. खोटं वाटत असेल तर बदकांना विचारा. माणसांपैकी आता कुणी उरलं नाही.

सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला पाठ लावून बसलेलं आमचं गाव. तेव्हा सगळा मुलूख मिळून एकच चांदा जिल्हा होता. देश नुकता स्वतंत्र झालेला, मी नुकती मिशी पिळायला लागलेला, आणि दोघांनाही आपल्याला सगळं जमतं असं वाटत होतं.

एका दिवाळीनंतर, धान कापून झालं आणि काका हसायचा थांबला. मग बोलायचा थांबला. मग जेवायचा. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि सकाळी त्याला अंथरुणातून उठवणं म्हणजे चिखलात रुतलेली गाडी काढण्यासारखं. काकी बांबूच्या काडीसारखी बारीक, पण आवाज दोन बायांचा. आधी तिने थट्टा केली, मग भांडण केलं, मग तीही गप्प झाली.

एका दुपारी मी त्याला ताक नेऊन दिलं. त्याने ते हातात धरलं आणि भिंतीलाच म्हणाला, "मी नसलो त कोणाचं काय अडते रे?"

मला जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर येत असे, येत नसेल तर बनवता येत असे. त्या दिवशी मी नुसती ताकावरची माशी हाकलली. मागे काकी उभी होती. तिने ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: हा माणूस जगला पाहिजे.

उपाय सुरू झाले. पहिल्यांदा जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे तिकडच्या छोट्या वस्तीवरून, पुजारी आला. त्याने सुपात तांदूळ टाकून पुष्कळ वेळ पाहिलं आणि सरळ सांगितलं, "भूतबित नाई दिसत भाऊ. पण कोंबडी आणलीच हाय त वापस कायले नेता?" कोंबडी फार चवदार होती. काकाने हात लावला नाही, त्याचा वाटाही मलाच खावा लागला. नंतर वैद्य. त्याचा काढा इतका कडू की काकाने तो जिथे थुंकला तिथे अजून गवत उगवत नाही. मग वरोऱ्याचे एक नातेवाईक आले, त्यांनी काकाला पोटभर धीर दिला, "मन घट्ट कर, मर्दासारखा राह्य," आणि ते गेल्यावर काकाने संध्याकाळचा घासही सोडला.

शेवटी काकी बैलगाडी जुंपून त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हाकायला मी.

डॉक्टर चिडका होता, पण त्याने काकाचं बोलणं मधे न तोडता ऐकलं. म्हणजे काका जेवढा गप्प बसला तेवढं सगळं ऐकलं. मग आम्हाला म्हणाला, "हे सोंग नाही आणि आळस तर नाहीच. ताप येतो तसा मनाचा आजार आहे. झोपेची पुडी देतो. रोज सकाळी उठवा, उन्हात न्या, हाताला हलकं काम द्या. उपदेश बंद. आणि जिवाचं बरंवाईट करायचं काही बोलले, तर नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, लाजायचं नाही."

"बोलले हाय," काकी म्हणाली.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. काकाकडेच वळून सरळ विचारलं, बराच वेळ विचारलं, आणि काकाने मान हलवून उत्तरं दिली. मग तो काकीला म्हणाला, "यांना एकटं ठेवायचं नाही. अजिबात नाही. आणि दर आठवड्याला मला दाखवायचं. वाढलं तर मीच चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवीन."

गाडी गावात पोचेपर्यंत ऊन, काम, उपदेश सगळं माझ्या डोक्यातून सांडलं. चावडीवर मी मोठ्या थाटात एवढंच सांगितलं, "काकाले एकटं ठेवाचं नाई!"

आता, एखादी गोष्ट एकटी न ठेवण्याची आमच्या गावाला एकच रीत ठाऊक. धान पिकलं की शेतात बांबूचा उंच माळा बांधायचा, पाळ्या लावायच्या, डबे बडवायचे आणि आरोळ्या ठोकून रानडुकरं हाकलायची. पाटलाने पंचांना विचारलं, "डुक्कर कवा येते? दिवस बुडताना. याची उदासी कवा दाटते? दिवस बुडताना. मंग?" पंचांनी लगेच बांबू मोजायला घेतले.

दुसऱ्या दिवशी काकाच्या अंगणात माळा उभा राहिला. दिवस कलला की पाळीवाले वर चढायचे, रॉकेलचे डबे बडवायचे आणि काकाच्या उदासीला शिव्या घालायचे. आवाजाने आमच्या जंगलातले वाघ वैतागून एटापल्लीकडे निघून गेले, म्हशींनी दूध चोरलं. काका लोटा घेऊन उठला की माळ्यावरून हाक यायची, "कुठी चालला गा?"

"परसाकडं."

"चला रे, परसाकडं चालला!" आणि डबेवाल्यांची वरात मागे. त्यातून पाळीवाले रिकामे बसले की काकाला आपापली दुःखं सांगायचे. एकजण तर सासूची गोष्ट सांगताना असा रडला की काकालाच त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागला. काका आणखी वाळला.

एका सकाळी काकीने खराटा उचलला. "उतरा सारे खाली! डॉक्टरनं सोबत राहा म्हटलं का बजार भरवा म्हटलं?"

"अव पण राखण—" पाटील म्हणाला.

"राखण माही मी पाहीन. तुमी आपले डुकरं पाहा."

माळा त्याच दिवशी चुलीत गेला.

चैत लागला होता, मोहाची फुलं गळायला लागली होती. आमच्याकडे घरोघरची मोहाची झाडं ठरलेली. पहाटे फुलं गळतात, ऊन तापायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि अस्वलं वाट पाहतच असतात. काकी काकाजवळ बसली. "अजी, मोहाखाली चला. येचू नोका, बोलू नोका. नुसते बसा. अस्वलाले दोन माणसं दिसली पायजे."

पहिल्या दिवशी काकाला उठवून नेईपर्यंत सूर्य वर आला आणि अर्धी फुलं गाईंनी खाल्ली. उरलेली अर्धी काकीने वेचली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी टोपली वाहायला सोबत असायचो आणि जीभ दाताखाली धरून बसायचो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम तेच. मग एकदा काकाचा हात आपसूक पुढे गेला आणि गुडघ्याजवळचं एक फूल त्याने टोपलीत टाकलं. मग आणखी एक. हात पुरेल तिथली फुलं संपली, तेव्हा तो थोडा सरकून बसला. काकीने वर पाहिलं नाही, पण तिच्या वेचण्याची लय चुकली.

दर आठवड्याला गाडी डॉक्टरकडे जातच होती. पुडीने झोप लागायला लागली होती.

आणि एका सकाळी अस्वल आलं. बैलगाडीएवढं. बरं, बैलाएवढं तरी. काकी झाडाआड गेली. चार अस्वलं लोळवल्याचं गावाला सांगत फिरणारा मी कधी झाडावर पोचलो ते मला कळलंच नाही. काका बसलाच राहिला. अस्वल पलीकडच्या, वेचलेल्या फुलांच्या ढिगाशी बसून निवांत फुलं खाऊ लागलं आणि खाता खाता त्याने काकाकडे पाहिलं.

"ये," काका म्हणाला. "तू बी समजावाले आला का?"

अस्वलाचा बहुधा अपमान झाला. ते उठलं आणि मागे न पाहता निघून गेलं. मी हसता हसता फांदीवरून निसटलो, काकी हसता हसता रडायला लागली. काकाच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. बस, तेवढंच. पण घरी जाऊन त्याने भात मागून घेतला.

गावाने निकाल दिला: अस्वलाने काका बरा केला. लांबलांबून लोक आपली उदास माणसं घेऊन 'ते' झाड विचारत यायचे. काकी त्यांना पाणी द्यायची आणि डॉक्टरचा पत्ता सांगायची. ते नाराज होऊन जायचे.

पुढच्या वर्षी श्रावणात आठवडाभर उजेड पडला नव्हता. मी चुलीशी भाजलेली मक्याची कणसं खात बसलो होतो. काका दारात येऊन उभा राहिला. चेहरा राखेसारखा.

"अव," तो म्हणाला, "तो जडपणा पुन्हा येऊन राह्यला."

काकीने पिठाचा हात पुसला. मागच्या वेळी त्याच्या पोटातलं बाहेर यायला महिने लागले होते. "बरं केलं सांगितलं," ती म्हणाली. "हातपाय धुवा. दोन घास खा. मंग डॉक्टरकडं जाऊ."

"पाणी किती पडून राह्यलं."

"पडू द्या."

काकाने हातपाय धुतले, दोन घास खाल्ले. मग डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, मला उठू न देता, स्वतःच बैल जुंपायला गेला.