ब्याऐंशी मार्क

गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या शनिवारी सरांनी ग्लास नाकाशी नेला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. "काहीच नाही," ते म्हणाले. "वासच नाही." मग गच्चीवरून उठून खाली गेले.

सर माझे शेजारी. वणीच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं, आणि बोर्डाचे पेपर तपासता तपासता केस पांढरे केले. मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. त्यांची पत्नी गेल्यापासून आम्ही दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर बसायचो. दोन पेग, त्यापुढे नाही. पण सर व्हिस्की नुसती पीत नसत, तपासत.

तुम्हीही असे परीक्षक पाहिले असतील, ज्यांच्या हातातलं लाल पेन निवृत्तीनंतरही सुटत नाही. बाटली आणली की सर तिला आधी वर्तमानपत्र गुंडाळायचे. उत्तरपत्रिकेवरचा नंबर झाकतात तसं. "नाव दिसलं का हात सैल होते," म्हणायचे. मग शंभरपैकी मार्क. पस्तिसाला पास. एक-दोन मार्कांनी अडलेल्या व्हिस्कीला ते ग्रेससुद्धा देत.

त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, "उत्तर बरोबर आहे, पायऱ्या कुठी आहेत?" गोड लागलं, तिखट लागलं, एवढं पुरत नसे. आधी काय आलं, मग काय, गिळल्यावर काय उरलं, ते क्रमाने सांगावं लागे. मी एकदा घाईत "छान आहे" म्हणालो तर म्हणाले, "भाऊ, तुम्ही कॉपी करून राह्यले का?"

हवेत कोळशाची धूळ असली की ते बजावायचे, "पहिला वास खाणीचा. तो वजा करा."

त्यांची मुलगी अमेरिकेत असते. ती स्वतः थेंबही घेत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर वडिलांना बाटली पाठवायची आणि फोनवर निकाल विचारायची. सर तिच्याही बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळायचे, आणि तिच्या बाटलीलाही सत्तरच्या वर कधी गेले नाहीत. ती चिडायची. त्यांना ते आवडायचं.

वास गेल्यावर महिनाभराने मी त्यांना नागपूरला दवाखान्यात घेऊन गेलो. डोक्यात गाठ निघाली. परतताना बसमध्ये त्यांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "पोरीले सांगू नका. नवीन नोकरी लागली तिले. सोडून येईल अन् इथं बसून राहील."

त्याच सुमारास तिची बाटली आली. बर्बन. ही मक्याची व्हिस्की, पण हिच्यात राय नावाचं धान्य नेहमीपेक्षा जास्त होतं. त्याने ती तिखट होते, असं मुलीने कळवलं होतं. रविवारी सकाळी ती व्हिडिओवर येणार होती. त्यामुळे आदल्या शनिवारी मी चव घेतली आणि सर शेजारी बसून ऐकत राहिले.

"आधी भाजलेलं कणीस," मी म्हणालो. "मग जळका गूळ. मग एकदम मिरी."

"मिरी का सुंठ?"

मी पुन्हा घोट घेतला. "आधी मिरी, मागून सुंठ. शेवटी लाकूड, कोरडं."

"शाबास. पायऱ्या आल्या."

दुसऱ्या दिवशी फोनसमोर त्यांनी ग्लास उचलला, हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले. कणीस, गूळ, मिरी, सुंठ, लाकूड. एकही पायरी चुकली नाही. मुलगी हसत होती. "मग किती, बाबा?"

"ब्याऐंशी."

तिचं हसू थांबलं. "किती?"

"ब्याऐंशी. चांगली आहे."

"बाबा, बारावीच्या सराव पेपरात तुम्ही मले अठ्ठावन्न देल्ले होते. मी रडली तरी एकोणसाठ नाही केले. काय झालं तुम्हाले?"

"वय झालं बाई. हात सैल झाला."

"काका आहेत का तिथं? काकांना द्या फोन."

मी सरांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या बाटलीकडे पाहत होते. तिला वर्तमानपत्र नव्हतं. मी फोन घेतला आणि तिला सगळं सांगितलं.

नंतर मी त्यांना विचारलं, "सत्तर सांगितले असते तर निभावलं असतं. ब्याऐंशी काहून?"

"चवच नव्हती ना भाऊ," ते म्हणाले. "मग कायले मार्क देऊ? पोरीले देल्ले."

ती दिवाळीआधी आली आणि राहिली. एका संध्याकाळी सरांनी तिच्यापुढे ग्लास सरकवला. "तू तपास. माझं नाक तर बंद आहे." तिने एक घोट घेतला, खोकली, डोळ्यांत पाणी आलं. "ई! हे तर खोकल्याचं औषध आहे! यासाठी मी एवढे डॉलर घालवत होती?"

सर इतके हसले की मला त्यांची पाठ चोळावी लागली. "पस्तीस दे," ते म्हणाले. "पास कर बिचारीले."

"तेहतीस. दोन ग्रेस तुम्ही द्या."

त्यांनी दिले.

सर माघात गेले. मुलगी महिनाभर राहून परत गेली. आता ती रविवारी सकाळी मला फोन करते. वणीत ऊन किती आहे, ते विचारते. मी सांगतो.