चाकं वर, खाली पाणी
चार मैल चालून झाले होते, गावापर्यंत दोन उरले होते. अलास्कातल्या त्या जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर व्हर्ना पुढे आणि आयोना मागे. अस्वलं लांब राहावीत म्हणून मोठमोठ्याने बोलत जायचं असतं, पण दोघींनाही काही सुचत नव्हतं.

विमान मागे तळ्यात बांधलेलं. त्याच्या पोटाखाली दोन तराफे, तराफ्यांत चाकं. जमिनीवर उतरायचं तर चाकं खाली, पाण्यावर तर वर. चुकलं की पाण्याला टेकताच विमान उलटं. म्हणून इकडचे वैमानिक उतरण्याआधी मोठ्याने म्हणतात, "चाकं वर, खाली पाणी."

दोघी एकाच वर्षी विमान चालवायला शिकल्या. परीक्षेत आयोना पहिली आली होती. पण बेटाबेटांवरून निरोप यायचा तो एकच: "व्हर्नाला पाठवा." मासे डबाबंद करणाऱ्या बाईची ही लेक टपालाबरोबर कुणाची कवळी आणायची, कुणाचं खमीर, कुणाचा कुत्रा आजारी आहे तेही तिला पाठ. एका बाळाचं नावसुद्धा तिच्यावरून ठेवलं. त्या बाप्तिस्म्याला आयोनाने केक खाल्ला, तो आठवडाभर तिला पचला नाही.

आज व्हर्ना तिला हे तळं दाखवायला घेऊन आली होती. विमान उतरत असताना रेडिओवर कचेरी बोलली, "व्हर्ना, संध्याकाळी आणखी एक फेरी जमेल? तुझंच नाव घेतायत."

"जमेल की," व्हर्ना म्हणाली, आणि त्याच दमात, "चाकं वर, खाली पाणी."

आयोनाने चाकं दिसावीत म्हणून बाहेर लावलेल्या आरशात पाहिलं. चाकं खाली होती. ती ओरडली, तेव्हा विमान हातभर उंचीवरून परत वर गेलं. दुसऱ्या खेपेला नीट उतरल्यावर व्हर्नाने किल्ली काढून तिच्या हातात दिली. आता तू चालव, म्हणून. पण तोवर धुकं उतरलं होतं, उडणं शक्य नव्हतं, म्हणून दोघी पायी निघाल्या.

व्हर्नाही चुकते हे पाहून ओरडण्याआधी एक क्षण आयोनाला बरं वाटलं होतं. तो क्षण देवाने पाहिला होता, आणि आता बुटातल्या खड्यासारखा तो तिला टोचत होता.

"शेवटची सुट्टी कधी घेतलीस गं?" तिने विचारलं.

"एकोणीस दिवस झाले. डोळे मिटले तरी रेडिओच ऐकू येतो."

"मग नाही म्हणायचंस ना, बाई! आम्हाला काय माशा मारायला ठेवलंय?"

"मला बोलावलं की आवडतं गं. तिथंच अडतं." व्हर्नाने मागे वळून पाहिलं. "तू जळतेस माझ्यावर. पंधरा वर्षं झाली."

"बावीस."

दोघी हसल्या. हसू लगेच आटलं. व्हर्ना रस्त्यातच थांबली.

"उद्या कचेरीतल्या साहेबांना तूच सांग. मी तोंडाने म्हणते ते हाताने करत नाही, मला काही दिवस उडू देऊ नका, असं सांग. मी सांगायला गेले तर ते म्हणतील, अमक्याने तुलाच बोलावलंय, आणि मी फेरीला हो म्हणेन."

"सगळे म्हणतील, जळते म्हणून चुगली केली."

"म्हणू देत. खोटं थोडंच आहे? तरी सांग. आणि मी मागून येऊन 'काही झालंच नव्हतं' म्हणाले, तर माझं ऐकू नकोस."